चालण्याची सेकंदे मोजता, मग मनाची नोंद का नाही? ज्येष्ठांच्या पुनर्वसनावर संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ज्येष्ठ नागरिकांच्या पुनर्वसनावर संशोधन करणारे डॉक्टर व शास्त्रज्ञ, त्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी आणि संशोधन प्रस्तावांना मान्यता देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाच्या ज्या अभ्यासात माझे वडील सहभागी होते, त्याचा पुढचा टप्पा सुरू होत असल्याचे पत्र अलीकडेच आमच्या हाती आले. चालण्याचा वेग, हाताची पकड, तोल आणि दैनंदिन कामांतील स्वावलंबन यांची मोजणी पूर्वीप्रमाणेच होणार असल्याचे त्यात म्हटले आहे. मनःस्थिती आणि लोकांत मिसळणे यांविषयीची प्रश्नावली मात्र वेळ व निधी अपुरा असल्याने वगळण्यात येत आहे, आणि रुग्ण घरी गेल्यानंतर तीन महिन्यांनी पाठपुरावाही थांबणार आहे. मी अभ्यासाच्या प्रमुखांना पत्र लिहून या निर्णयाचे कारण विचारले. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. अशा अभ्यासांमध्ये सर्वत्र हीच पद्धत रूढ आहे, मुख्य निष्पत्ती शारीरिक क्षमतेची असल्यामुळे बाकीच्या गोष्टी जमल्यास घेतल्या जातात, असे त्यांनी कळवले. त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, आणि म्हणूनच त्या उत्तरावर मला थांबता आले नाही. एखाद्या अभ्यासातील उणीव पत्रव्यवहाराने दूर होऊ शकते. उणीव हीच पद्धत ठरली असेल, तर ती पद्धत ठरवणाऱ्या सर्वांशी जाहीरपणे बोलले पाहिजे, असे मला वाटते.

मी संशोधक नाही. वडिलांची शुश्रूषा करताना जे वाचावे लागले ते वाचत गेले आणि जे समजले नाही ते जाणकारांना विचारत गेले. त्यामुळे या पत्रात मी आपल्याला आपलेच शास्त्र शिकवू पाहत नाही. आपल्याच क्षेत्राने वेळोवेळी सिद्ध केलेल्या आणि मान्य केलेल्या गोष्टी मी आपल्यापुढे ठेवणार आहे, आणि त्या प्रत्यक्ष अभ्यासांत का उतरत नाहीत, एवढेच विचारणार आहे.

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरचा काय म्हणतो ते त्यांना बऱ्यापैकी समजत असे, पण मनातला शब्द ओठांवर येत नसे. अभ्यासासाठी ठरावीक अंतराने त्यांची तपासणी होई. जमिनीवर दहा मीटरचे अंतर पट्टीने आखलेले असायचे, फिजिओथेरपिस्टच्या हातात स्टॉपवॉच असायचे आणि वडील काठी टेकत त्या पट्ट्यांमधून चालत जायचे. प्रत्येक वेळी सेकंदे कमी होत गेली, तशी त्या फिजिओथेरपिस्टला मनापासून आनंद झालेला मी पाहिला आहे, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तपासणीच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर मनःस्थितीचा रकाना होता. त्यात प्रत्येक वेळी एक आडवी रेघ आणि 'संवादातील अडचणीमुळे मूल्यमापन शक्य नाही' हे वाक्य एवढेच लिहिले जाई. घरी काय चालले होते ते त्या रकान्यात मावण्यासारखे होते, पण ते कोणी विचारलेच नाही. वडील दारापर्यंत चालत जात, कडीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहत आणि परत फिरत. कोणी भेटायला आले की डोळे मिटून घेत, आणि पाहुणे गेले की उघडत. अभ्यासाच्या नोंदीप्रमाणे ते बरे होत चाललेले रुग्ण होते. आमच्या डोळ्यांसमोर मात्र त्यांनी माणसांकडे पाठ फिरवली होती.

हे एका घराचे दुःख असते, तर मी ते खासगीच ठेवले असते. २०१९ सालच्या जागतिक आकडेवारीवर आधारलेल्या अंदाजानुसार पुनर्वसनाचा उपयोग होऊ शकेल अशा आजारांनी किंवा दुखापतींनी ग्रस्त असलेल्यांची संख्या २४१ कोटी आहे, म्हणजे जगातील तीन माणसांमागे एक. २०३० पर्यंत दर सहा माणसांमागे एक जण साठ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, आणि २०५० पर्यंत ही संख्या २१० कोटींपर्यंत जाईल, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सत्तरीपुढील सुमारे १४ टक्के लोकांना एखादा मानसिक विकार असतो, असेही तीच संघटना सांगते. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश रुग्णांना पुढच्या पाच वर्षांत कधी ना कधी नैराश्य येते, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. नैराश्य आलेला रुग्ण व्यायामाला कमी येतो, आला तरी मन लावून करत नाही, आणि त्याची शारीरिक सुधारणाही मंदावते, हेही आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. म्हणजे मनाचा प्रश्न बाजूला ठेवून शरीराचे उत्तर नीट मिळत नाही, हे आपल्याच क्षेत्राचे ज्ञान आहे.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार मोजमापाची आहे. दैनंदिन कामांतील स्वावलंबन मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि आजही पुनर्वसनाच्या असंख्य अभ्यासांचा तो कणा आहे. त्यात दहा बाबी आहेत. जेवणे, अंघोळ, स्वतःची निगा, कपडे घालणे, शौच आणि लघवी यांवरील नियंत्रण, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर बसणे, चालणे आणि जिना चढणे. शंभरपैकी गुण मिळतात. हे साधन उपयुक्त आहे यात शंका नाही. माझे वडील स्वतः शर्टाची बटणे लावू लागले त्या दिवशी आमच्या घरात जो आनंद झाला, तो या दहा बाबींतल्या एका बाबीचाच होता. पण शर्ट घालून कुठे जायचे आहे, कोणाला भेटायचे आहे, सकाळी उठावेसे वाटते का, यांपैकी एकही प्रश्न त्या शंभर गुणांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली कार्यक्षमता आणि अपंगत्वाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले, तेव्हा शरीराची क्षमता आणि दैनंदिन कृती यांच्या जोडीला जीवनातील सहभागालाही तितकेच स्थान दिले. २०१५ च्या वार्धक्यविषयक जागतिक अहवालात तर निरोगी वार्धक्याची व्याख्याच माणसाला जे करणे आणि जे असणे मोलाचे वाटते, ते शक्य करणाऱ्या क्षमतेच्या आधारे केली आहे. तत्त्व मान्य होऊन इतकी वर्षे लोटली. तरीही अभ्यासाचा निधी कमी पडला की सर्वांत आधी कात्री लागते ती याच भागाला.

मन आणि शरीर एकत्र मोजल्याने काय हाती लागते, याचे एक उदाहरण आपल्याच क्षेत्रात आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध पक्षाघातानंतर दिल्यास हातापायांची हालचाल लवकर सुधारते, अशी आशा काही लहान अभ्यासांमुळे निर्माण झाली होती. ती तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर 'फोकस' ही मोठी चाचणी झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष आले. सहा महिने औषध घेऊनही शारीरिक कार्यक्षमतेत काहीच फरक पडला नाही. नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांमध्ये कमी होते, सुमारे १७ टक्क्यांच्या तुलनेत १३ टक्के. पण हाडे मोडण्याचे प्रमाण त्यांच्यातच जवळपास दुप्पट होते, दीड टक्क्याच्या तुलनेत सुमारे तीन टक्के. या चाचणीत केवळ हालचाल मोजली असती, तर औषध निरुपयोगी ठरवून प्रकरण मिटले असते आणि मनावर झालेला परिणाम कोणालाच कळला नसता. केवळ मनःस्थिती मोजली असती, तर प्रत्येक वृद्ध रुग्णाला सरसकट गोळी देण्याची शिफारस झाली असती, आणि त्या गोळीपायी किती जणांची हाडे मोडली हे कोणी विचारले नसते. दोन्ही मोजल्यामुळे डॉक्टरला आज रुग्णासमोर बसून लाभ आणि धोका दोन्ही सांगता येतात. पुढे २०२० साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाम आणि स्वीडनमध्ये झालेल्या चाचण्यांतूनही शारीरिक कार्यक्षमतेत सुधारणा दिसली नाही आणि हाडे मोडण्याचा धोका वाढलेलाच दिसला. मनःस्थितीची प्रश्नावली ही अभ्यासाची शोभा वाढवण्यापुरती असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही चाचणी पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी विनंती आहे.

दुसरी तक्रार वगळण्याची. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सुरुवातीच्या काळात वाचाघात असतो. ज्याला बोलता येत नाही त्याला एकटेपणा जास्त ग्रासतो, हे समजायला संशोधनाचीही गरज नाही. तरी मनःस्थितीच्या अभ्यासांतून याच रुग्णांना वारंवार बाजूला ठेवले जाते, कारण प्रश्नावलीची उत्तरे त्यांना देता येत नाहीत. साधन नाही, हे कारण मला मान्य करता येत नाही. वाचाघात असलेल्यांच्या नैराश्यासाठी खास प्रश्नावली १९९८ सालीच तयार झाली आहे. ती रुग्णाऐवजी त्याच्याजवळ राहणारी व्यक्ती भरते, आणि तिच्यात रुग्ण रडतो का, नजर टाळतो का, लोकांपासून दूर राहतो का, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी विचारलेल्या असतात. डोळे मिटून घेणाऱ्या माझ्या वडिलांविषयी मला अशा प्रश्नावलीत पुष्कळ लिहिता आले असते. उपचारही अशक्य नाहीत. ब्रिटनमध्ये वाचाघात आणि खिन्नता असलेल्या १०५ जणांवर झालेल्या चाचणीत वर्तनोपचाराने मनःस्थिती सुधारल्याचे दिसले. साधन आहे, उपचाराची दिशाही आहे, आणि तरी रकान्यात आडवी रेघ पडते, हे दुर्लक्ष आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या वाट्यालाही हेच येते. खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात येणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्यांचे प्रमाण मोठे असते, पण त्यांच्या पुनर्वसनाचे अनेक अभ्यास संमती आणि आकलनाच्या अडचणी सांगून त्यांना प्रवेशद्वारातूनच परत पाठवतात. मग ज्या पद्धतीची शिफारस होते, ती तुलनेने धडधाकट आणि तल्लख वृद्धांवर तपासलेली असते, आणि वापरली जाते ती सर्वांवर. ऐकू कमी येणे, दिसायला कमी येणे, शिक्षण कमी असणे, घराबाहेर पडता न येणे, या प्रत्येक कारणाने आणखी काही माणसे गळत जातात. वयाची कमाल मर्यादा घालून ठेवलेले अभ्यास तर वृद्धत्वाच्या प्रश्नावर असूनही सर्वांत वृद्धांना भेटतच नाहीत. कुटुंबीयांच्या साह्याने संमती घेण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत, त्यासाठी नियमही आहेत. त्या वापरायला वेळ लागतो, हे खरे आहे. तो वेळ प्रस्तावातच धरायला हवा.

तिसरी तक्रार प्रश्नावल्यांच्या निवडीची आहे. नैराश्य मोजण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप, भूक, थकवा आणि हालचालींचा मंदपणा यांविषयी विचारले जाते. पक्षाघातातून किंवा मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला ही चारही लक्षणे त्या आजारामुळेच असू शकतात. वृद्धांसाठी १९८० च्या दशकात जी नैराश्य मापनश्रेणी बनवली गेली, तिच्यात म्हणूनच अशी शारीरिक लक्षणे जाणूनबुजून टाळली आहेत आणि उत्तरे फक्त 'हो' किंवा 'नाही' अशी ठेवली आहेत. इतका विचार पूर्वी कोणी तरी करून ठेवला असताना हाताला लागेल ती प्रश्नावली घेऊन तिच्या बेरजेवर निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्यातून काहींवर नसलेले नैराश्य लादले जाते, आणि वयोमानाने असे व्हायचेच, या समजुतीखाली काहींचे खरे नैराश्य झाकले जाते.

चौथी तक्रार पाठपुराव्याच्या कालावधीची. रुग्णालयात असेपर्यंत रुग्णाभोवती माणसे असतात, वेळापत्रक असते, उद्या अमुक जमेल अशी आशा असते. घरी परतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे भेटीला येणाऱ्यांचे असतात. त्यानंतर जे दिवस सुरू होतात, त्यांत सुधारणा मंदावते, भेटी थांबतात आणि आता हे असेच राहणार, हे माणसाला उमगते. माझ्या अनुभवाप्रमाणे मन खचते ते नेमके याच काळात, आणि आपले अभ्यास नेमके याच काळापूर्वी संपतात. तीन महिन्यांनी दप्तर बंद करणाऱ्या अभ्यासाला नैराश्य दिसले नाही, तर ते नव्हते असे म्हणता येणार नाही. पडण्याच्या भीतीचेही तसेच आहे. एकदा पडलेला वृद्ध पुन्हा पडू नये म्हणून बाहेर जाणे सोडतो, बाहेर जाणे सुटल्याने पायांतली ताकद जाते आणि तोल आणखी बिघडतो. निरोगी ज्येष्ठांनाही दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर दोन्ही पायांतले मिळून जवळपास एक किलो स्नायू झडतात, हे २००७ साली दाखवून दिले गेले आहे. मग भीतीपोटी महिनोन्महिने खुर्चीत बसून राहणाऱ्याचे काय होत असेल? हे चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचे, तर एक वर्षसुद्धा कमीच पडेल.

पाचवी तक्रार मी कुटुंबीयांच्या वतीने करते. पुनर्वसनतज्ज्ञ पुरेसे नाहीत, म्हणून घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घ्यावेत, हा विचार वरकरणी अतिशय योग्य वाटतो, आणि मलाही तो पटला होता. भारतात १४ रुग्णालयांमधल्या १,२५० रुग्णांवर हा विचार तपासला गेला. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबीयांकडून करून घेतलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ९२८ रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांच्या जोड्यांवर झालेल्या चाचणीतही घरच्यांना प्रशिक्षण दिल्याचा लाभ दिसला नाही. कुटुंबीयांनी काही करू नये, असा याचा अर्थ मी घेत नाही. तज्ज्ञांची जागा आपोआप घरच्यांनी भरून निघत नाही, एवढा तरी बोध यातून घ्यायला हवा. प्रत्यक्षात मात्र व्यायामाच्या चित्रांचा एक कागद हातात देऊन रुग्णाला घरी पाठवण्याची रीत तशीच चालू आहे, आणि तो कागद सांभाळणाऱ्या व्यक्तीची झोप, पाठदुखी, सुटलेली नोकरी आणि ढासळलेले मन यांची नोंद फारच थोडे अभ्यास घेतात. शुश्रूषा करणारी व्यक्ती अनेकदा स्वतःही साठीपलीकडची असते. माझी आई तशी आहे. तिला आजवर एकाही संशोधकाने ती कशी आहे, असे विचारलेले नाही.

या चाचण्यांची आठवण मी आणखी एका कारणाने करून देते. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट चांगलीच असते असे नाही, हे आपल्या क्षेत्राने प्रामाणिकपणे मान्य केलेले आहे. पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवावे, हे मत सर्वांना इतके पटले होते की ते तपासायची गरज कोणाला वाटली नसती. २,१०४ रुग्णांवर ते तपासले गेले, आणि २०१५ साली असे आढळले की इतक्या लवकर आणि इतके वारंवार उठवल्याने बरे होण्याची शक्यता उलट कमी झाली. शरीराच्या बाबतीत ज्यांनी एवढी कसोशी दाखवली, त्यांनी मनाच्या बाबतीत 'रुग्णाला धीर द्यावा' अशा एका ओळीवर समाधान मानावे, हे मला पटत नाही. कोणी धीर द्यावा, कसा, किती दिवस, आणि त्याचा उपयोग होतो का, हेही तपासण्याचेच विषय आहेत.

दोन तक्रारी थोडक्यात. पुष्कळ शोधनिबंधांत 'नेहमीची फिजिओथेरपी दिली' एवढेच लिहिलेले असते. काय दिले, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, कोणी दिले, हे लिहिण्याची मार्गदर्शक सूची २०१४ पासून उपलब्ध असताना ते लिहिले जात नाही, आणि मग जो उपाय लागू पडला तो दुसऱ्या कोणाला करताच येत नाही. शिवाय अभ्यास संपल्यावर निष्कर्ष सहभागींना कळवले जात नाहीत. वडिलांनी दिलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे आम्हाला नव्या टप्प्याच्या पत्रातील एका वाक्यावरून कळले.

वेळ आणि निधी यांचे कारण मी गांभीर्याने घेते, कारण ते खोटे नाही. पण मानसिक स्वास्थ्याची काळजी म्हणजे प्रत्येक रुग्णामागे एक मानसोपचारतज्ज्ञ, असे समीकरण मांडून ते परवडत नाही म्हणून सोडून देणे बरोबर नाही. अमेरिकेत साठ वर्षांवरील १,८०१ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' चाचणीत नेहमीच्या दवाखान्यातच एका प्रशिक्षित समन्वयकाची जोड दिली गेली. वर्षभराने तिथल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होते. गोव्यात तर वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या वृद्धांसोबत काम केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या १८१ जणांच्या चाचणीत वर्षभरात तीव्र नैराश्य आले ते समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी १४.४ टक्क्यांना. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली सुरू केलेल्या उपक्रमात दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचे मन जाणून घेण्याचे काम प्रशिक्षित आजीबाईच करतात, आणि त्याचा लाभ २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाला. ज्येष्ठांकडे केवळ मदत घेणारे म्हणून पाहण्याची सवयही या बाकावर मोडते. हे तिन्ही अभ्यास प्रामुख्याने मनावरचे आहेत. पुनर्वसन केंद्रातून घरी निघालेल्या, काठी टेकणाऱ्या, बोलताना अडखळणाऱ्या वृद्धांसाठी हीच पद्धत लागू पडते का, हे पाहणारे मोठे आणि दीर्घ मुदतीचे अभ्यास मला हवे आहेत, आणि ते करण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्यव्यवस्थेतील पुनर्वसन बळकट करण्याचा ठरावही संमत केला. त्या ठरावांना अर्थ यावा म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

निधी देणाऱ्या संस्थांनी ज्येष्ठांच्या पुनर्वसनाच्या कोणत्याही प्रस्तावाला मंजुरी देताना मनःस्थिती आणि जीवनातील सहभाग यांचे मोजमाप शारीरिक क्षमतेच्या बरोबरीने बंधनकारक करावे, आणि त्यासाठीची रक्कम स्वतंत्र ठेवावी, म्हणजे पैसे कमी पडल्यावर ती इतरत्र वळवता येणार नाही. पाठपुरावा घरी परतल्यापासून किमान एक वर्षाचा असावा. नैतिकता समित्यांनी वाचाघात, स्मृतिभ्रंश, बहिरेपणा किंवा वय या कारणांनी कोणाला वगळले जात असेल, तर त्याचे लेखी समर्थन मागावे आणि ते पुरेसे नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी निरीक्षणावर आधारलेल्या प्रश्नावल्या वापराव्यात. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या आरोग्याची नोंद अभ्यासाचा भाग व्हावी. संशोधनाचा प्रश्न ठरवण्याच्या बैठकीतच ज्येष्ठ रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय असावेत. सगळे ठरल्यानंतर सहीपुरते त्यांना बोलावू नये. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक सहभागीच्या घरी पोहोचवावेत. नियतकालिकांच्या संपादकांनाही माझी विनंती आहे की दिलेल्या उपचाराचे पूर्ण वर्णन नसलेला आणि कोणाकोणाला वगळले हे न सांगणारा शोधनिबंध त्यांनी स्वीकारू नये.

ज्या अभ्यासामुळे हे पत्र लिहावे लागले, त्याच्या प्रमुखांना माझे इतकेच सांगणे आहे की नवा टप्पा अद्याप सुरू झालेला नाही. शेवटच्या पानावरचा तो रकाना परत घालायला आणि तीन महिन्यांचे बारा करायला अजून अवधी आहे. तसे होणार असेल, तर पुढच्या टप्प्यात शुश्रूषा करणाऱ्यांची माहिती द्यायला मी आणि माझी आई दोघीही तयार आहोत, आणि आमच्यासारख्या इतर कुटुंबांनाही तयार करण्याची जबाबदारी मी घेते. नाही म्हणायचे असेल, तर त्याची कारणे आपण या पत्राप्रमाणेच जाहीरपणे द्यावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
अभ्यासात सहभागी झालेल्या एका रुग्णाची मुलगी